सीआरपी वाढलाय, पण ताप कशाचा?

शहाद्याहून एका वाचकाने विचारलंय : वडील आयसीयूत आहेत, ताप हटत नाही, मलेरिया निगेटिव्ह, डेंग्यू निगेटिव्ह, डॉक्टर म्हणतात ‘सीआरपी खूप वाढलाय’. रोज एवढं रक्त काढतात, मग ताप कशाचा हे त्यातून कळत कसं नाही?

कोविडने सीआरपी हा शब्द घरोघरी पोचवला, अर्थ मात्र वाटेत सांडला. तापाच्या रक्ततपासण्या मुळात दोन जातींच्या असतात. डेंग्यूची एनएस-१ किंवा मलेरियाचं कार्ड जंतूचाच एखादा अंश शोधतं. तो सापडला की जंतूचं नाव कळलं. (मलेरियाची काही कार्डं रुग्ण बरा झाल्यावरही आठवडेच्या आठवडे पॉझिटिव्ह राहतात, हा डोक्याला वेगळाच ताप.) सीआरपी (सी-रिअॅक्टिव्ह प्रोटीन) आणि प्रोकॅल्सिटोनिन या दुसऱ्या जातीच्या तपासण्या. जंतू कोणता, याच्याशी त्यांना कर्तव्य नाही. शरीर किती खवळलंय, तेवढं त्या मोजतात.

गंमत अशी की सीआरपी सापडला तेव्हा तो पहिल्या जातीचा वाटला होता. साल १९३०, ठिकाण न्यूयॉर्कची रॉकफेलर इन्स्टिट्यूट, प्रयोगशाळा ऑस्वाल्ड एव्हरी यांची. आनुवंशिकता डीएनएतून वाहते हे १९४४ मध्ये दाखवूनही ज्यांना नोबेल मिळालं नाही, तेच हे एव्हरी. तिथे विल्यम टिलेट आणि थॉमस फ्रान्सिस न्यूमोनियाच्या रुग्णांचा सीरम न्यूमोकॉकस जंतूच्या वेगवेगळ्या अंशांत मिसळून पाहत होते. ‘सी’ नावाच्या अंशात तो घातला की नळी गढूळ व्हायची, तळाशी साका बसायचा. अँटिबॉडीचं काम म्हणावं, तर वेळापत्रक नेमकं उलटं. अँटिबॉडी आजार सरता सरता वाढतात. हा पदार्थ ताप चढताना हजर आणि रुग्ण सावरला की पसार! पुढे तो इतर जंतूंच्या आजारांत दिसला, आणि जिथे न्यूमोकॉकसचा काडीचा संबंध नाही अशा ऱ्हुमॅटिक फिव्हरमध्येही. अंगात कुठेही दाह झाला की यकृत तो ओतू लागतं, हे हळूहळू उमगलं.

या टिलेटबद्दल थोडं सांगायलाच हवं. १९३३ मध्ये त्याने स्ट्रेप्टोकॉकस जंतूतला, रक्ताची गुठळी विरघळवणारा पदार्थ शोधला. त्यातून आलेलं स्ट्रेप्टोकायनेज हार्ट अटॅकच्या रुग्णाला आपल्याकडच्या कित्येक लहान हॉस्पिटलांत अजून देतात. एका खाटेवर टिलेटची तपासणी, शेजारच्या खाटेवर टिलेटचं औषध, आणि त्याचं नाव ना डॉक्टरांच्या तोंडी, ना नातेवाइकांच्या.

सीआरपी वाचायचा कसा, हे शहादेकरांना गोमाई नदीवरून चटकन कळेल. गावात लख्ख ऊन असतं आणि नदीला गढूळ पाणी येतं. वर सातपुड्यात पाऊस झाला एवढं नक्की, कुठल्या डोंगरात ते पाणी सांगत नाही. वरचा पाऊस थांबला तरी खाली पाणी काही वेळ चढतंच. सीआरपी दाह सुरू झाल्यावर सहा-आठ तासांनी वाढू लागतो आणि शिखर गाठायला दीड-दोन दिवस घेतो, म्हणजे आजचा आकडा कालची हकीकत सांगतो. पूर चढतोय की ओसरतोय हे कळायला दुसऱ्यांदा पुलावर जावंच लागतं. रिपोर्टवरचं एककही बघा : एका लॅबचा १८ आणि दुसरीचा १८० हा एकच आकडा असू शकतो, कारण एक डेसिलिटरमागे मोजते, दुसरी लिटरमागे.

प्रोकॅल्सिटोनिन जास्त चपळ. थायरॉइडमधल्या कॅल्सिटोनिन या हार्मोनचं हे कच्चं रूप. १९९३ मध्ये आसिको, बोहुओं आणि सहकाऱ्यांनी पॅरिसमध्ये ७९ मुलांचं रक्त तपासून दाखवलं की जिवाणूंच्या गंभीर संसर्गात ते प्रचंड वाढतं, विषाणूंच्या आजारात फारसं नाही. थायरॉइड काढून टाकलेल्या रुग्णातही ते वाढलं, म्हणजे संसर्गात ते बनवणारे अवयव दुसरेच. मग जाहिरातबाजी सुरू झाली : आकडा मोठा म्हणजे जिवाणू, द्या अँटिबायोटिक.

हे समीकरण आपल्या भागात डळमळतं. फाल्सिपॅरम मलेरियात प्रोकॅल्सिटोनिन बख्खळ वाढतं आणि मलेरियाला मेरोपेनेमसारख्या अँटिबायोटिकचा शून्य उपयोग. मे महिन्यातला उष्माघात, मोठा अपघात, मोठं ऑपरेशन, यांतही ते वाढतं. भिल्ल-पावरा कुटुंबांत आढळणाऱ्या सिकलसेलच्या वेदनेच्या झटक्यात जंतू नसतानाही सीआरपी चढतो, आणि याच रुग्णांना जंतुसंसर्गाचा धोकाही जास्त. पेच तिथेच पडतो.

शेतीच्या मुलखातल्या आयसीयूत आणखी एक ताप दिसतो. फवारणीचं औषध प्यालेल्या रुग्णाला उतारा म्हणून अॅट्रोपिन देतात. ते जास्त झालं की बाहुल्या विस्फारतात, तोंडाला कोरड पडते, रुग्ण बरळतो, हवेतलं काहीतरी चिमटीत पकडू पाहतो आणि अंग भाजतं. ताप १०३, पण काखेत हात घातला तर काख खडखडीत कोरडी. ड्युटीवरची सिस्टर हात लावूनच ओळखते. डोस आवरला की ताप उतरतो. अर्थात अशा रुग्णाच्या छातीत उलटी जाऊन न्यूमोनियाही होतो. तिथे मात्र चढता-उतरता आकडा उपयोगी पडतो.

माझ्या मते या तपासण्यांची खरी जागा उपचाराच्या शेवटाकडे आहे. अँटिबायोटिक सुरू करायचं की नाही हे प्रोकॅल्सिटोनिनवर ठरवू नका, थांबवताना मात्र त्याची मदत घ्या, असं सेप्सिसची २०२१ ची आंतरराष्ट्रीय मार्गदर्शिका सुचवते. शिखरापासून आकडा ८० टक्के घसरला की थांबण्याचा विचार करतात. ब्रिटनमधल्या ४१ आयसीयूंतल्या २७६० रुग्णांवरची चाचणी डिसेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध झाली. प्रोकॅल्सिटोनिन रोज मोजून अँटिबायोटिकचा सरासरी काळ किती घटला? एक दिवससुद्धा नाही, ०.८८ दिवस. सीआरपीने तर काहीच फरक पडला नाही. हजारो रुग्णांचा हिशेब मांडला तर हे थोडं नव्हे, पण जाहिरातीतला चमत्कारही नव्हे.

आता एका प्रथिनाऐवजी अनेक जनुकांची हालचाल एकदम वाचणाऱ्या तपासण्या येत आहेत. त्यांवर काम करणाऱ्या स्टॅनफर्डच्या पूर्वेश खत्री यांच्याच गटाने २०२२ मध्ये दाखवलं की आधीच्या बऱ्याच जनुकीय कसोट्या पेशीच्या आत शिरून राहणाऱ्या जिवाणूंपाशी कमी पडतात. स्क्रब टायफसचा जंतू त्यातलाच. २०१८ मध्ये विदर्भात त्याने धुमाकूळ घातला होता.

तेव्हा वाचकमित्रा, डॉक्टरांना दोन गोष्टी जरूर विचारा. अँटिबायोटिकच्या पहिल्या डोसाआधी ब्लड कल्चरचं रक्त घेतलं होतं का? आणि वडिलांची काख, जांघ, कमरेची घडी कुणी उजेडात पाहिली का? स्क्रब टायफस पसरवणारा चिगर माइट हा बारीक किडा चावल्याची काळी खपली, सिगारेटच्या चटक्यासारखी, दुखत नाही, खाजत नाही, म्हणून रुग्ण सांगत नाही. ती प्रत्येकात सापडतेच असं नाही. पण स्क्रब टायफस असेल, तर डॉक्सीसायक्लिन या जुन्या, स्वस्त गोळीने ताप बहुधा दोन दिवसांत उतरतो.