पिचकारीचं तोंड आपल्याकडे!

कृष्णविवर सगळं गिळतं, हे तर शाळेतल्या पोरांनाही ठाऊक असतं. पण काही दीर्घिकांच्या पोटातली कृष्णविवरं गिळता गिळता पिचकाऱ्याही मारतात! भोवती गरगरणारा वायू, त्यात पिळवटलेलं चुंबकीय क्षेत्र, आणि दोन विरुद्ध दिशांना सुटणारे कणांचे झोत. वेग जवळजवळ प्रकाशाचा.

१९१८ साली अमेरिकेच्या लिक वेधशाळेत हेबर कर्टिस यांना एम८७ दीर्घिकेत एक सरळ रेघ दिसली. तो असाच झोत होता. २०१९ मध्ये जगभर गाजलेला फोटो त्याच्याच मुळाशी बसलेल्या कृष्णविवराचा. वजन साडेसहा अब्ज सूर्यांइतकं. या झोतातल्या गाठी प्रकाशाच्या चौपट-सहापट वेगाने पळताना दिसतात. आइन्स्टाइनला धक्का नाही बरं का! गाठ स्वतःच्याच प्रकाशाच्या मागोमाग आपल्याकडे धावत येते, म्हणून लागलेला वेळ आपल्याला कमी भासतो.

पिचकारी थेट आपल्यावर रोखलेली असली की ती दीर्घिका ‘ब्लेझार’. सरठ तारकासमूहातला ‘बीएल लॅसर्टे’ हा त्यांच्यातला मानकरी १९२९ पासून कित्येक वर्षं चक्क रूपविकारी तारा म्हणून नोंदवलेला होता.

माझं सगळ्यात लाडकं कोडं जुलै २००६ मधलं. नामिबियातल्या ‘हेस’ दुर्बिणींना पीकेएस २१५५-३०४ या ब्लेझारचे गॅमा किरण मिनिटामिनिटांत उसळताना दिसले. तिथल्या अब्जसूर्यी कृष्णविवराची रुंदी ओलांडायला प्रकाशालाच काही तास लागतील, मग ही लुकलुक इतकी झटपट कशी? खुलासे अनेक आहेत, एकमत अजून नाही.

गॅमा किरणांत एवढी ऊर्जा येते कुठून? कॅरम आठवा. सुसाट इलेक्ट्रॉन हा स्ट्रायकर, साधा प्रकाशकण ही सोंगटी. टोला बसला की प्रकाशकणाची ऊर्जा हजारो कोटी पट होऊ शकते.

असा गॅमा किरण जमिनीपर्यंत पोचतच नाही. हवेत शिरताच त्याचा कणांचा सडा होतो आणि निळसर चमक उमटते. ती टिपायला लडाखमधल्या हानले इथे, सुमारे ४,३०० मीटर उंचीवर, मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्राच्या पुढाकाराने ‘मेस’ दुर्बीण उभी आहे; आरसा २१ मीटरचा. मार्केरियन ४२१ हा तर जवळचा ब्लेझार, तरी तिथून निघालेला किरण ४० कोटी वर्षं चालत येतो. त्याची चमक टिकते सेकंदाचे काही अब्जांश.