एकटा माणूस, ५२ पात्रं : प्रा. लक्ष्मण देशपांडे

'वऱ्हाड निघालंय लंडनला' हे नाटक आमच्या नांदेड-लातूरकडं ज्यानं ऐकलं नसेल असा माणूस सापडणं अवघड. गावाकडच्या कितीतरी घरांत आधी नाटकाची कॅसेट पोचली, नाटक नंतर दिसलं.

देशपांडे सर औरंगाबादला प्राध्यापक होते. १९७९ पासून हा एकपात्री प्रयोग त्यांनी जगभर केला, त्याची नोंद गिनीज बुकातही झाली. पण मला विक्रमापेक्षा त्यांचं उपरणं मोठं वाटतं. तेच डोक्यावरून घेतलं की लाजणारी बाई, खांद्यावर टाकलं की तावातावानं बोलणारा म्हातारा! आवाज, मान, कमरेचा बाक, सगळं क्षणात बदलायचं. लंडनला निघालेल्या वऱ्हाडाची एसटीतली रेटारेटी आणि विमानातली तारांबळ रिकाम्या रंगमंचावर डोळ्यांसमोर उभी राहायची.

मराठवाड्याची बोली तोवर नाटकात बहुतेक गड्याच्या तोंडी असायची. सरांनी तिला पूर्ण तीन तास मानानं उभं केलं. माझ्या मते हेच त्यांचं सगळ्यात मोठं काम.

२२ फेब्रुवारी २००९ ला सर गेले. पुढं संदीप पाठक यांनी हे वऱ्हाड पुन्हा रंगमंचावर आणलं. जवळपास प्रयोग लागला तर घरातल्या पोरांना घेऊन नक्की जा.