बसा बिनकामाचे, जिंका बक्षीस!

‘काय करतोयस?’ ‘काही नाही!’ एवढ्यावर चॅम्पियन होता येतं, माहीत आहे का? दक्षिण कोरियात सोल शहरात 2014 मध्ये ‘स्पेस-आउट’ स्पर्धा सुरू झाली. आयडिया वूप्सयांग या कलाकार बाईंची. 90 मिनिटं नुसतं बसायचं. फोन बघितला? आउट! हसलात? आउट! डुलकी लागली? तरीही आउट! मधूनमधून नाडी तपासतात. ठोके शांत आणि प्रेक्षकांची मतं खिशात, तो विजेता. 2016 मध्ये जिंकला पॉप गायक क्रश. ज्याचं पोट गळ्यावर, तोच गप्प बसण्यात अव्वल!

सोपं वाटतंय? मग हा झटका घ्या. अमेरिकेत टिमथी विल्सन या मानसशास्त्रज्ञांनी लोकांना 15 मिनिटं एकटं बसवलं. सोबतीला फक्त विजेचा शॉक देणारं बटण. हा शॉक टाळण्यासाठी पैसे मोजू, असं हीच मंडळी आधी म्हणाली होती. तरी 18 पैकी 12 पुरुषांनी आणि 24 पैकी 6 बायकांनी स्वतःलाच शॉक दिला. एका पठ्ठ्याने तर तब्बल 190 वेळा!

बरं, आपण रिकामे बसलो तरी मेंदू बसतो का? छे! वजन शरीराच्या 2 टक्के, पण ऊर्जा खातो 20 टक्के. बाहेरचं काम थांबलं की मेंदूचे काही भाग उलट जास्तच जागे होतात. आठवणी, बेत, ‘ती तेव्हा असं का म्हणाली?’, सगळं तिथेच शिजतं. या जाळ्याला ‘डिफॉल्ट मोड’ हे नाव 2001 मध्ये मार्कस रायकल यांच्या टीमने रुळवलं. म्हणून मी तर म्हणेन, रोज थोडा वेळ छताकडे बघत बसाच. बिनधास्त!

गोलकीपरचं गुपित माहीत आहे का? इस्रायली संशोधकांनी 286 पेनल्टी किक तपासल्या. मध्यभागी उभा राहिलेला कीपर तीनात एक गोल अडवत होता. डावी-उजवीकडे झेप घेणारा सातात जेमतेम एक. तरी जागेवर थांबणारे किती? फक्त 6 टक्के! उभ्या उभ्या गोल खाल्ला तर लोक काय म्हणतील, ही भीतीच त्यांना उडी मारायला लावते.

आता क्रिकेट, कारण त्याशिवाय फीचर फिट्ट कसं बसणार? जानेवारी 2004, सिडनी. कव्हर ड्राइव्हच्या नादात विकेट जात होती, म्हणून सचिन तेंडुलकरने तो फटका कपाटात बंद केला. ऑफ स्टंपबाहेरचे चेंडू सोडत राहिला. हिशेब? 436 चेंडू, नाबाद 241! मात्र हाच संयम चुकीच्या दिवशी महागात पडतो. 1975 चा वर्ल्ड कप, लॉर्ड्स, समोर 335 चं लक्ष्य, आणि सुनील गावसकर 60 ओव्हर्स खेळून नाबाद 36. चेंडू 174, चौकार एक!

इथून पुढे सावरून बसा, नव्हे, उभे राहा! 1966 मध्ये अमेरिकेत डॅलसला 20 वर्षांच्या 5 धडधाकट तरुणांना 3 आठवडे अंथरुणात ठेवलं. फिटनेस धाडकन खाली. खरी गंमत 30 वर्षांनी कळली. त्याच पाचही जणांना पुन्हा तपासलं, तेव्हा 30 वर्षांच्या वाढत्या वयाने शरीराची जेवढी क्षमता घटवली होती, त्याहून जास्त त्या 3 आठवड्यांच्या लोळण्याने घटवली होती. दिलाशाची बातमी? व्यायामाने ती परतही आली.

लोळायला पगार हवाय? 2019 मध्ये जर्मनीतल्या कोलोनमध्ये मिळत होता, 16,500 युरो. काम एकच: 60 दिवस पलंगावर, डोकं पायांपेक्षा 6 अंश खाली. जेवण, अंघोळ, सगळं आडवं! अंतराळवीरांचे स्नायू आणि हाडं का झिजतात, ते यातून कळतं. आपल्याला मात्र कुणी युरो देत नाही, आणि तरी 2022 मध्ये भारतातल्या जवळपास निम्म्या प्रौढांची हालचाल आरोग्याला पुरेल एवढी नव्हती. हा आकडा मला खरंच घाबरवतो.

कष्टाळू मुंगी? अॅरिझोनाच्या संशोधकांना एका जातीच्या वारुळात सुमारे 40 टक्के कामकरी मुंग्या नुसत्या बसलेल्या दिसल्या. सर्वात कामसू मुंग्या काढून घेतल्या, तर आठवड्याभरात याच निवांत मुंग्या कामाला भिडल्या. राखीव फौज हो!

आणि टोकियोचे शोजी मोरिमोतो माहीत आहेत का? ‘तुझ्या असण्या-नसण्याने फरक पडत नाही,’ असं बॉसने सुनावलं. 2018 पासून त्यांनी त्याचाच धंदा केला: भाड्याने घ्या, काहीही न करणारा माणूस! कुणी त्यांना घटस्फोटाचे कागद भरताना शेजारी नेलं, कुणी शहर सोडताना रेल्वे स्टेशनवर हात हलवायला बोलावलं. बरीच वर्षं एका बुकिंगची फी होती 10,000 येन. बुकिंग करणारे हजारो!