गाडी कुर्डुवाडीहून सुटली का?

27 एप्रिल 2011 च्या दुपारी मी अंथरुणं वाळत घालत होते. अलाबामात येऊन आम्हाला जेमतेम आठ महिने झाले होते. सासूबाई बार्शीहून दोन महिन्यांसाठी आल्या होत्या आणि परदेशातल्या गाद्यांना ऊन दाखवत नाहीत म्हणून रोज हळहळत होत्या. पहाटे जोराचं वादळ झालं, नंतर आणखी एक सर येऊन गेली आणि मग लख्ख ऊन पडलं. मी म्हटलं, गेलं एकदाचं. आपल्याकडे वळीव कोसळून गेला की हवा गार होते, माणसं अंगणात खाट टाकतात. तसंच हेही असणार.

ते ऊनच घातक होतं, हे मला कळायला संध्याकाळ व्हावी लागली. दक्षिणेकडून मेक्सिकोच्या आखाताची ओली हवा येत होती. ते ऊन तिला तापवत होतं, म्हणजे पुढच्या वादळाच्या चुलीत सरपण घालत होतं.

इशारा नव्हता असं मात्र नाही. ओक्लाहोमातल्या नॉर्मन गावी वादळांचं भाकीत करणारं सरकारी केंद्र आहे. त्यांनी कित्येक दिवस आधीपासून या तारखेवर बोट ठेवलं होतं, आणि त्या दिवशी आमचा भाग धोक्याच्या सर्वांत वरच्या पायरीवर होता. टीव्हीवर सारखे दोन शब्द चालले होते, वॉच आणि वॉर्निंग. मला दोन्ही सारखेच वाटायचे. आता नवीन आलेल्या मराठी मुलींना मी सांगते, वॉच म्हणजे तेल तापलंय, मोहरी हाताशी आहे. वॉर्निंग म्हणजे मोहरी तडतडली. तेव्हा खिडकीशी उभं राहून बघायचं नाही.

माझी खरी चूक वेगळीच होती. इशारे काउंटीच्या नावाने येतात. काउंटी म्हणजे साधारण आपला तालुका समजा. आमच्या गावाचं नाव मॅडिसन, शेजारी मॅडिसन नावाची काउंटी, म्हणून मी आपली 'मॅडिसन' शब्दाकडे कान लावून बसले होते. पहाटेपासून 'लाइमस्टोन काउंटी' ऐकू आलं की मी निर्धास्त व्हायचे. बिचारे लाइमस्टोनवाले, म्हणायचे. पावणेचारच्या सुमाराला शेजारचे म्हातारे गृहस्थ दार वाजवून विचारायला आले, पोरीला घेऊन कुठे बसणार आहात? मी म्हटलं, इशारा तर लाइमस्टोनला आहे. ते माझ्याकडे बघतच राहिले. म्हणाले, अहो, तुम्ही उभ्या आहात ती लाइमस्टोनच! मॅडिसन शहर दोन काउंट्यांत पसरलंय आणि आमची गल्ली अलीकडच्या बाजूला आहे, हे आठ महिन्यांत मला माहीत नव्हतं.

टीव्हीवरचा माणूस गावांची नावं घेत होता. हॅकलबर्ग. फिल कॅम्पबेल. माउंट होप. मला त्यातलं एकही ठाऊक नव्हतं. सासूबाईंनी मात्र नेमका प्रश्न विचारला.

"हे ह्याच वाटेनं येतंय का गं? की इकडंतिकडं फिरतंय?"

मी नकाशाकडे बघितलं. नैर्ऋत्येकडून ईशान्येकडे, आखल्यासारखी रेघ.

"ह्याच वाटेनं, आई."

"मग गाडी कुर्डुवाडीहून सुटली म्हण की."

त्यांचं माहेर बार्शी स्टेशनाजवळ. लहानपणी बार्शी लाईट, ती लातूरची छोटी रेल्वे, कुर्डुवाडीहून सुटायची. शेंद्री सुटल्याची वर्दी आली की बार्शीच्या स्टेशनात घंटा व्हायची आणि त्यांचे वडील टोपी घालून घराबाहेर पडायचे. गाडी दिसायची वाट बघत कोणी बसायचं नाही. मागचं स्टेशन कोणतं, एवढं पुरायचं.

चारनंतर टीव्हीवरचा माणूस म्हणाला, टॅनर. नकाशात टॅनर आमच्या पश्चिमेला, पंधरा-वीस किलोमीटरवर. थोड्याच वेळात वीज गेली. सासूबाई म्हणाल्या, "शेंद्री सुटली. ऊठ."

चार वर्षांची मुलगी, सासूबाई आणि मी जिन्याखालच्या कोठीत शिरलो. इथली घरं लाकडाची, आमच्या घराला तळघरही नाही. अशा वेळी सर्वांत खालच्या मजल्यावरची, खिडकी नसलेली, मधली खोली गाठायची. वारा आणि आपण यांच्यात जितक्या भिंती आणता येतील तितक्या आणायच्या. सासूबाईंनी जाताजाता ओट्यावरचं स्टीलचं पातेलं उचललं आणि नातीच्या डोक्यावर पालथं घातलं. मला तेव्हा त्यांचा राग आला होता. चाळीस मिनिटं आम्ही व्हॅक्युम क्लीनर आणि तांदळाच्या पोत्याच्या मध्ये बसून होतो. गारा पडल्या, दूरवर घरघर झाली आणि मग सगळं एकदम शांत झालं. वादळ आमच्या उत्तरेकडून, साधारण दहा किलोमीटरवरून निघून गेलं होतं.

त्या चार दिवसांत, 25 ते 28 एप्रिलमध्ये, अमेरिकेत साडेतीनशेहून जास्त टोर्नेडो झाले. 27 तारखेला एकट्या अलाबामात 62. तीनशेहून जास्त माणसं गेली, त्यातली 230 हून जास्त आमच्या राज्यातली. आमच्या शेजारून गेलेल्या एकाच टोर्नेडोने 72 जीव घेतले. तो सुमारे 212 किलोमीटर जमिनीला चिकटून चालला, काही ठिकाणी त्याची रुंदी दोन किलोमीटर होती आणि वाऱ्याचा वेग ताशी 338 किलोमीटर धरला गेला. त्याच संध्याकाळी दुसरा एक टोर्नेडो टस्कलूसा शहरात घुसून बर्मिंगहॅमपर्यंत गेला. त्यात 64 जण दगावले.

हा वेग कोणी यंत्र लावून मोजत नाही. दुसऱ्या दिवशी जाणकार मोडतोड बघत फिरतात. छप्पर गेलं की भिंतीही गेल्या, घर पायाला नीट बोल्टने बांधलं होतं का, झाडाची साल सोलली गेली का, हे पाहून वारा किती असेल ते ठरवतात. ही पद्धत जपानी शास्त्रज्ञ तेत्सुया फुजिता यांची. नागासाकीवर बाँब पडल्यानंतरची मोडतोड त्यांनी तरुणपणी जवळून अभ्यासली होती. पुढे शिकागोत काम करताना 1971 साली त्यांनी टोर्नेडोंची मोजपट्टी मांडली. 2007 पासून तिची सुधारलेली आवृत्ती वापरतात, शून्य ते पाच. पाच म्हणजे ताशी 322 किलोमीटरच्या वर. एरवी वर्षानुवर्षं एकही पाच नंबरचा होत नाही. त्या एका दिवशी चार झाले.

टोर्नेडो होतो कसा, ते मला अंधारात कळलं. वादळाने विजेच्या मोठ्या वाहिन्याच पाडल्या. जवळच्या ब्राउन्स फेरी अणुवीजकेंद्राच्या तिन्ही भट्ट्या आपोआप बंद झाल्या आणि आमच्या भागात चार-पाच दिवस दिवे नव्हते. सासूबाई मेणबत्तीच्या उजेडात कापसाच्या वाती वळत होत्या आणि माझा नवरा त्यांना समजावत होता.

"आई, तुझा खालचा हात स्थिर आहे, वरचा पुढं सरकतोय. मध्ये कापूस आहे, म्हणून तो गोल वळतोय. हवेचं तसंच होतं. जमिनीजवळचा वारा दक्षिणेकडून, हळू. वरचा पश्चिमेकडून, जोरात. मधली हवा अशी आडवी वळत राहते."

"आडवी ना? मग ती उभी कशी झाली?"

"तापलेली ओली हवा खालून वर उसळते आणि त्या आडव्या वातीला मधेच उचलून उभी करते. मग अख्खा ढगच गरगरायला लागतो. त्यातल्या काही ढगांखाली ते फिरणं आवळत आवळत जमिनीपर्यंत उतरतं."

सासूबाईंनी हातातली वात उभी धरली. "म्हणजे आडव्या वातीची फुलवात झाली म्हण की," त्या म्हणाल्या आणि पुढची वळायला घेतली.

म्हणूनच टोर्नेडोला वावटळ म्हणणं मला आता खटकतं. आपली वावटळ चैत्रातल्या तापलेल्या रानात जमिनीवरून उठते, पाचोळा आणि धूळ फिरवते, विरून जाते. तिला ढग लागत नाही. टोर्नेडो हे गरजणाऱ्या ढगाचं अपत्य. चक्रीवादळही तो नव्हे, कारण ते समुद्रात जन्मतं, शेकडो किलोमीटर पसरतं आणि दिवस दिवस टिकतं. बार्शी-सोलापुराकडे वळवाच्या दिवसांत ऊन आणि ओल दोन्ही असतात, पण खालच्या आणि वरच्या वाऱ्यांत तेवढी ओढाताण सहसा नसते. वात वळायला दोन हात लागतात. बंगालच्या बाजूला मात्र चैत्र-वैशाखात ते दोन्ही हात जुळून येतात. एप्रिल 1989 मध्ये बांगलादेशात दौलतपूर-साटुरियाच्या टोर्नेडोत सुमारे 1,300 माणसं गेली. एका टोर्नेडोने घेतलेले इतके बळी जगात दुसरीकडे नोंदलेले नाहीत.

त्या अंधारातल्या दिवसांत आमची गल्ली एकत्र जेवली. सगळ्यांचे फ्रीजर वितळत होते, म्हणून जो तो अंगणात शेगडी पेटवून असेल ते भाजत होता. सासूबाईंनी उरलेल्या दुधाचं दही लावलं, पातळ ताक केलं आणि शेजारच्या आजोबांना पेलाभर दिलं. त्यांनी ते संपवलं आणि आणखी मागितलं.

आणि अंगणात कागद पडले होते. गुलाबी कापसासारखे छपराच्या अस्तराचे तुकडे, पत्रा, पावत्या. हॅकलबर्गमधलं जीन्सचं मोठं गोदाम जमीनदोस्त झालं होतं, तिथल्या जीन्स कित्येक मैलांवर सापडत होत्या. आमच्या कुंपणाला पाककृतीचं एक कार्ड चिकटलेलं होतं, पेकन पायचं, निळ्या शाईतलं तिरकं अक्षर. असे सापडलेले फोटो आणि कागद लोकांना परत मिळावेत म्हणून अलाबामातल्या एका बाईने फेसबुकवर पान काढलं होतं. वीज आल्यावर मी तिथे कार्डाचा फोटो टाकला. आठवड्याने फिल कॅम्पबेलहून एकीचा निरोप आला, अक्षर माझ्या आईचं आहे. आई सुखरूप आहे, घर नाही. मी कार्ड पोस्टाने पाठवून दिलं.

फिल कॅम्पबेल हे गावाचं नाव एका रेल्वे बांधणाऱ्या माणसाचं. सासूबाईंना हे ऐकून फार बरं वाटलं. हेच नाव असलेल्या जगभरातल्या माणसांचा मेळावा त्या जूनमध्ये तिथे भरायचा होता. वादळानंतर ती माणसं मदतीला आली. काही ढिगारे उपसत होती, काही पैसे गोळा करत होती. माझ्या तोवर लक्षात आलं होतं की या सगळ्या गोष्टीत नावंच महत्त्वाची आहेत. टॅनर 1974 च्या 3 एप्रिललाही उद्ध्वस्त झालं होतं. त्या वेळी दोन दिवसांत 13 राज्यांत 148 टोर्नेडो झाले होते. हार्वेस्टजवळची अँडरसन हिल्स ही वसाहत 1995 मध्ये मोडली, पुन्हा उभी राहिली आणि 2011 मध्ये पुन्हा मोडली. इथल्या जुन्या माणसांना ही नावं पाठ आहेत, म्हणून ती वेळेवर हलतात. आमच्यासारख्या बाहेरून आलेल्यांना सायरन ऐकू येतो, पण तो कोणासाठी आहे ते कळत नाही. सायरन वर्षातून इतक्यांदा वाजतो की कान मरतात. आपल्या गावाचं नाव ऐकून मात्र कोणीही उठतं.

बर्मिंगहॅमचे हवामान-निवेदक जेम्स स्पॅन हे फार आधीपासून सांगत आलेत की नकाशावर आपलं घर दाखवायला शिका. त्यांनी कोट काढला, गॅलिस दिसायला लागली, की अलाबामातली माणसं कोठी गाठतात. आता आमच्या फ्रीजवर नकाशा आहे, त्यावर आमच्या गल्लीला लाल टिकली लावली आहे. बॅटरीवरचा वेदर रेडिओ आहे, कोठीत बूट आहेत, शिट्टी आहे. आणि मुलीचं क्रिकेटचं हेल्मेट आहे. त्या वादळानंतर बर्मिंगहॅमच्या विद्यापीठातल्या अभ्यासकांनी सुचवलं की हेल्मेट घाला, कारण बरेच मृत्यू डोक्याला मार लागून होतात. ते वाचलं त्या रात्री मी बार्शीला फोन करून पातेल्याबद्दल माफी मागितली.

सासूबाई आता इकडे येत नाहीत. गुडघे साथ देत नाहीत. पण मार्च लागला की त्यांचा फोन येतो. नातीला विचारतात, पाठ आहे का? ती म्हणते, मॅरियन, फ्रँकलिन, लॉरेन्स, मॉर्गन, लाइमस्टोन. त्या वाटेवरच्या काउंट्या, ओळीने. एकदा ती घाईत मॉर्गन विसरली.

"पुन्हा म्हण," पलीकडून आवाज आला. "मधलं स्टेशन गाळायचं नाही. तेवढीच दहा मिनिटं असतात हाताशी."