पौषांत पाहिलेलें घर

'घर पाहावें बांधून आणि लग्न पाहावें करून' ही म्हण ज्या पिढीनें रूढ केली, तिच्यापाशीं स्वतःची जागा होती आणि ओळखीचा गवंडी होता. आजच्या शहरवासी कुटुंबास घर बांधावयाचें नसून विकत घ्यावयाचें असतें, आणि तेंहि बहुधा अर्ध्या तासाच्या भेटींत पसंत करावयाचें असतें. ही भेट हिवाळ्यांत झाली म्हणजे काय होतें, याचा अनुभव आम्हीं घेतला आहे. घर शोधणाऱ्या वाचकांस तो उपयोगी पडेल, अशा समजुतीनें येथें देत आहों.

दोन वर्षांपूर्वीं मार्गशीर्षांत आम्हीं पुण्यांतील एका जुन्या इमारतीच्या शेवटच्या मजल्यावरील जागा पाहिली. दक्षिणेकडील सज्जांतून ऊन थेट दिवाणखान्याच्या मध्यापर्यंत आलें होतें. थंडीनें गुडघे धरलेल्या आमच्या मातोश्री त्या उन्हांत जाऊन बसल्या, आणि आम्हां सर्वांचा निर्णय तेथेंच झाला. मध्यस्थानें पांच लाख रुपये इसार मागितला. एप्रिलपासून सरकारी दर वाढतील, तेव्हां आतांच उरकून घ्या, असा त्याचा लकडा होता. थोरल्या बंधूंना निवृत्तीनंतर मिळालेला निधि नुकताच हातीं आला होता. विलंबाचें कारण आम्हांस दिसेना.

आडवी आली ती आईच. "पौष लागतो आहे रे आतां. महिनाभर पैसा बाहेर काढूं नका," ती म्हणाली. आम्ही शिकलेली मंडळी. मनांत हंसलों, थोडे रागावलोंहि. पण तिचा शब्द मोडण्याची आमच्या घरीं चाल नाहीं. पौषाविषयींची समजूत खरी कीं खोटी, हा वाद येथें घालावयाचा नाहीं. त्या एका महिन्यानें आम्हांस काय दाखविलें, एवढेंच सांगावयाचें आहे.

पहिली गोष्ट उन्हाची. पुणें सुमारें साडेअठरा अक्षांशांवर आहे. डिसेंबरच्या अखेरीस भर दुपारींहि सूर्य माथ्यापासून सुमारें ४२ अंश दक्षिणेस कललेला असतो. म्हणूनच दक्षिणेची खिडकी घरांत दूरवर ऊन आणते. मे महिन्याच्या मध्यास तोच सूर्य माथ्यावर येतो. मग तें ऊन गच्चीवर पडतें, आणि दुपार कलल्यावर पश्चिमेच्या भिंतीवर. शेवटच्या मजल्यास गच्ची म्हणजे आपलेंच छत. मार्गशीर्षांत हवेंहवेंसें वाटणारें घर वैशाखांत भट्टी होतें तें असें.

दुसरी गोष्ट पाण्याची. आमच्या वहिनी एके दुपारीं पुन्हां ती जागा पाहून आल्या. सर्व घराचा रंग जुना, निजावयाच्या खोलीच्या एकाच भिंतीचा मात्र ताजा. त्यांनीं ती बोटांनीं ठोकून पाहिली, तों गिलावा पोकळ वाजला. शेजारच्या बिऱ्हाडांतील आजींनीं चहा दिला आणि खरें काय तेंहि सांगितलें. श्रावणांत त्या खोलींत बादल्या मांडाव्या लागत, आणि चैत्र-वैशाखांत सबंध इमारतीस टँकरचें पाणी विकत घ्यावें लागे. गळती आणि पाणीटंचाई हे घराचे दोन मोठे दोष. पण थंडीच्या दिवसांत भिंती सुकलेल्या असतात आणि धरणांत पाणी असतें, त्यामुळें ते सहसा नजरेस येत नाहींत.

तिसरी गोष्ट कागदपत्रांची. वकिलांनीं मागील ३० वर्षांच्या नोंदींचा शोध घेतला, तेव्हां तें घर एका बँकेकडे गहाण असल्याचें निघालें. इसार देऊन बसलों असतों, तर बंधूंची उभ्या आयुष्याची पुंजी त्या गहाणांत अडकली असती.

म्हणून वाचकांस आमचें सांगणें असें कीं, पैसे देण्यापूर्वीं मिळकत पत्रिका किंवा सातबारा, मागील खरेदीखतें, सूची क्रमांक दोन, भोगवटा प्रमाणपत्र आणि सोसायटीचा थकबाकी नसल्याचा दाखला पाहावा. नव्या इमारतींत घर घेणारांनीं हें ध्यानांत ठेवावें कीं, २०१६ च्या स्थावर संपदा कायद्याप्रमाणें करार नोंदविल्यावांचून बांधकाम व्यावसायिकास किंमतीच्या १० टक्क्यांहून अधिक रक्कम घेतां येत नाहीं. मुद्रांक शुल्क करारांतील किंमत आणि सरकारी दरतक्त्यावरून निघणारी किंमत यांत जी अधिक, तिच्यावर लागतें. आणि नवा दरतक्ता बहुधा १ एप्रिलपासून लागू होतो, हें मध्यस्थाचें म्हणणें खरें होतें. परंतु पौष संपल्यावरहि मार्चअखेरपर्यंत दीड-दोन महिने हातांत राहतात. तेवढे पुष्कळ झाले.

आम्हीं माघांत दुसरें घर घेतलें, पहिल्या मजल्यावरील. पावसाळा कसा जातो आणि मे महिन्यांत नळ किती वेळ चालतो, हें आधीं चार शेजाऱ्यांस विचारलें. केवळ स्त्रीच्या नांवें राहतें घर घेतल्यास महाराष्ट्रांत २०२१ पासून मुद्रांक शुल्कांत १ टक्का सवलत मिळते. आमचें खरेदीखत वहिनींच्या नांवें झालें. दोन पावसाळे गेले, भिंती कोरड्या आहेत.

पण या घराचा सज्जा उत्तरेस आहे. हिवाळ्यांत तेथें ऊन येत नाहीं. आई काठी टेकीत खालीं अंगणांत जाऊन बसते, आणि तें पाहून आमच्या मनास लागतें. एकदां तसें बोलून दाखविलें, तेव्हां ती म्हणाली, "ऊन काय, खालीं उतरलं कीं मिळतं. डोक्यावरचं छत तेवढं घरांत मिळायला हवं."