मागच्या चाकाचे गणित

सायकलला बॅगा बांधून दोन-तीन दिवस हिंडायचे म्हटले की पहिला सल्ला मिळतो तो नवी सायकल घेण्याचा. बारामती-इंदापूरच्या रस्त्यांना मात्र 21 गिअरची जुनी लोखंडी एमटीबी पुरते. पैसे कुठे घालायचे आणि कुठे नाही, एवढे आधी ठरवावे लागते. बारामतीतल्या मिस्त्रींनी माझी सायकल उलटी केली, तेव्हा गिअरकडे पाहिलेही नाही. मागचे चाक काढून हातात धरले आणि एक्सल फिरवला. बोटांना खरखर लागली.

स्वस्त सायकलच्या मागच्या हबवर फ्रीव्हील आट्यांवर बसते. सात चकत्यांना जागा द्यायची म्हणून उजवीकडचे छर्रे बरेच आत राहतात आणि त्यांच्यापासून फ्रेमपर्यंतचा एक्सल बिनआधाराचा असतो. वर आपण, कॅरिअरवर सामान, खाली खड्डा. एक्सल वाकतो तो तिथेच. शिमानोच्या फ्रीहबमध्ये हे छर्रे टोकाजवळ असतात, म्हणून तो जास्त भार सोसतो.

मिस्त्रींनी हब उघडून जुने ग्रीस रॉकेलने धुतले. छर्रे ज्यावर फिरतात त्या कोनवर खड्डा पडलाय का, हे नखाने चाचपले आणि कोन बदलला. पाव इंची छर्रे, एका बाजूला नऊ, तेही नवे घातले. कोन आवळायचा तो इतकाच, की चाक डुगडुगू नये आणि अडूही नये. मग आऱ्यांचा ताण सारखा करून चाकाचा आउट, म्हणजे वाकडेपणा, काढला. या कामात सामान थोडे लागते, हात मात्र मुरलेला हवा.

दुसरा खर्च टायरचा. नीरा डाव्या कालव्याकडेचे कच्चे रस्ते, कडबनवाडीचा माळ, भिगवण-कुंभारगावकडे उजनीच्या पाण्यालगतच्या वाटा, सगळीकडे बाभळीचा काटा. त्यावर 26 बाय 2.10 चे टायर आणि आत जुन्या ट्यूबची कापलेली पट्टी. चाक थोडे जड होते, पण पंक्चर कमी होतात. पावसाळ्यात काळी माती मडगार्डात गच्च भरून चाक जाम करते. मातीच्या वाटेने जायचे तर मडगार्ड घरीच ठेवावे.

गिअरवर खर्च नको. इकडे घाट नाहीत. पावसाळी पश्चिम वारा इंदापूरहून परतताना समोरून येतो, पण पुढे 24 आणि मागे 28 दात असले की भागते. चेन मात्र पट्टीने मोजावी. नव्या चेनचे 24 दुवे बरोबर 12 इंच भरतात. त्यात एक-अष्टमांश इंच वाढ दिसली, तर चेनबरोबर बहुधा फ्रीव्हीलही गेलेले असते.

राहिले सामान. सीट कव्हर शिवणाऱ्याकडून ताडपत्रीची तिकोनी बॅग शिवून घेतली. अवजारे, पाणी, तांदूळ असे जड ते तिच्यात, फ्रेमच्या मधोमध. अंथरूण हँडलला. कॅरिअरवर फक्त कपडे. नव्या एक्सलपेक्षा या वाटणीनेच मागचे चाक जास्त वाचते.

फ्रेमला तडा असेल किंवा ब्रेकने रिमची कड खाल्ली असेल, तर गोष्ट वेगळी. हब, मग चाक, मग शिफ्टर असे एकामागून एक बदलू लागलो तरी थांबावे. तेवढ्या पैशांत नवी सायकल येते. पण जड सामान कुठे बांधायचे, हा हिशेब तिच्यावरही चुकत नाही.