मधुमेहात व्यायाम : जोर नको, शिस्त हवी

इथे खमरियात सकाळी फिरायला निघालं की दोन प्रश्न हमखास येतात. ‘साहेब, शुगर वाढलीय, पळायला लागू का?’ आणि ‘मी तर बारीक, मला व्यायाम कशाला?’

आधी दुसऱ्याचं उत्तर. २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि ब्रिटनचे डॉ. जॉन युडकिन यांचा एकत्र फोटो छापून आला. दोघांचाही बीएमआय २२.३. पण शरीरातली चरबी युडकिन यांची ९.१ टक्के, तर याज्ञिकांची २१.२! आपल्याकडचा बारीक माणूसही आतून असा असू शकतो. चरबी जास्त, स्नायू कमी.

आणि साखर मुख्यतः स्नायूच वापरतात. काम करणारा स्नायू इन्सुलिनच्या मदतीशिवायही रक्तातली साखर ओढून घेतो. व्यायामाचा हा परिणाम साधारण दिवसभर टिकतो. म्हणून रविवारी दोन तास घाम गाळण्यापेक्षा आठवड्यातले पाच दिवस अर्धा तास भरभर चाला. सलग दोन दिवसांपेक्षा जास्त खाडा नको. चालताना बोलता यावं, पण गाणं म्हणता येऊ नये, एवढाच वेग ठेवा. जोडीला आठवड्यातून दोनदा खुर्चीवरून उठबस करा.

आता पळण्याचं. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी चालू असेल, तर निघण्यापूर्वी शुगर तपासा. ९० च्या खाली असेल तर आधी थोडं खा. २५० च्या वर असून मळमळ, उलटी किंवा अशक्तपणा असेल, तर व्यायाम नको, डॉक्टरांना गाठा. जबलपूरच्या उन्हाळ्यात एक फसगत होते. उन्हाचा घाम आणि शुगर उतरल्याचा घाम सारखाच वाटतो. हात थरथरले, डोकं हलकं झालं, की तिथेच थांबा. तीन चमचे साखर पाण्यातून घ्या, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासा. ७० च्या खालीच असेल तर परत घ्या. जास्त श्रम झाले तर शुगर रात्री झोपेतही उतरते, हेही ध्यानात ठेवा.

छातीत दुखलं तर लगेच थांबून दवाखाना गाठा. डोळ्यांच्या पडद्याचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय वजन उचलू नका. खिशात साखर आणि मधुमेहाची चिठ्ठी ठेवा, पायात मोजे आणि बूट घाला, घरी आल्यावर तळवे पाहा.

फौजेत कूच करण्याआधी तयारी तपासतात. इथेही तेच करायचं.